गळकी डिक्की आणि भिजलेल्या वह्या

विदर्भातल्या शाळा जून महिन्याच्या अखेरीस उघडतात आणि नेमका त्याच सुमारास नागपूरचा पाऊस सुरू होतो. गरिबाच्या घरात ह्या दोन्ही गोष्टी एकदमच येतात. एकीकडे वह्या, दप्तर, गणवेश यांचा खर्च आणि दुसरीकडे गळके छप्पर. गेल्या वर्षी आमच्या बाबतीत घराचे छप्पर गळले नाही. गळली ती ऑटोची डिक्की. पण नुकसान झाले ते वस्तीतल्या पोरांचे.

लकडगंज भागातले आम्ही काही जण दरवर्षी मुलांसाठी वह्या गोळा करतो. १४ एप्रिलला हार-फुलांऐवजी वह्या द्या, असे सांगत फिरतो. कमी पडतील त्या वर्गणीतून विकत घेतो. आमच्यात कुणी कारकून, कुणी आरा मशीनवर कामाला, कुणी हमाल. एक-एक रुपयाचा हिशेब ठेवावा लागतो. गेल्या वर्षी इतवारीच्या ठोक बाजारातून वह्यांचे गठ्ठे घेतले आणि आमच्या मेव्हण्यांच्या ऑटोत भरले. सीटवर मावले नाहीत ते मागच्या डिक्कीत ठेवले. वाटेत पाऊस लागला. घरी येऊन डिक्की उघडली, तर वरचे गठ्ठे कोरडे आणि खालचे दोन चिंब! वह्या फुगल्या होत्या. पुठ्ठ्याचा रंग पानांत उतरला होता. शेजारची पाचवीतली पोरगी यादीत आपले नाव शोधत उभी होती. तिने भिजलेली वही हातात घेतली आणि विचारले, "काका, ही वाळली की मले द्याल का?" आम्हाला खाली पाहावे लागले.

वह्या कशा वाळवल्या?

वाचकांच्या घरीही असा प्रसंग येऊ शकतो, म्हणून आधी हे सांगतो. भिजलेली वही उन्हात टाकू नये. पाने वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटतात. आमच्या घरी सौभाग्यवतींनी आणि वहिनींनी दर आठ-दहा पानांमागे जुन्या वर्तमानपत्राचा कागद घातला, पंख्याखाली वह्या पसरल्या आणि दर दोन तासांनी कागद बदलले. ओल गेल्यावर पाटाखाली वजन ठेवून दाबल्या. निम्म्या वह्या कच्च्या कामाला उपयोगी आल्या. बाकीच्या गेल्या. त्या पुन्हा विकत आणण्यासाठी पुन्हा वर्गणी मागावी लागली.

आधी चुका, मग शहाणपण

मेव्हणे म्हणाले, "भाऊ, नवं हूड टाकावं लागते आता." पण नव्या हूडाचा खर्च आणि ऑटो गॅरेजमध्ये उभा राहिला तर बुडणारी रोजची कमाई, दोन्ही जड. ऑटो चालला तर घर चालते. म्हणून रविवारी घरच्या घरीच पाहायचे ठरले.

पहिल्या रविवारी आम्ही जे केले ते कुणी करू नये. डिक्कीत जिथे थेंब दिसले, तिथे एम-सील थापले. वरून प्लॅस्टिक बांधले. सोमवारी पाऊस आला आणि पाणी जिथल्या तिथे! प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडून फाटले ते वेगळेच. दुखणे कुठे आहे ते न पाहताच आम्ही औषध दिले होते.

दुसऱ्या रविवारी डोके वापरले. खालचे गठ्ठे भिजले आणि वरचे कोरडे राहिले, ते का? पाणी सरळ वरून पडले असते, तर आधी वरचे गठ्ठे भिजले असते. म्हणजे पाणी कडेने उतरत होते आणि तळाशी साचत होते. तळाला भोके असताना पाणी साचते कसे?

डिक्कीतली रबरी चटई उचलली आणि उत्तर मिळाले. खाली लाकडाच्या भुशाचा लगदा! लकडगंजात आरा मशीनचा भुसा हवेत असतोच. ऑटो उभा असतो वखारींसमोर. भुसा डिक्कीत जातो, पाण्याने फुगतो आणि भोकात बूच बसल्यासारखा बसतो. आमच्या ऑटोची तळाची दोन्ही भोके बंद होती आणि भोवतालचा पत्रा गंजला होता.

पाण्याची वाट शोधण्याची रीत

भोके मोकळी केली. पण पाणी आत येते कुठून, हा प्रश्न होताच. त्यासाठी तीन वस्तू पुरतात : मग, टॉर्च आणि कोरडी वर्तमानपत्रे.

डिक्की पूर्ण कोरडी पुसावी. तळाशी आणि बाजूंना कागद लावावेत. मग एकाने बाहेरून पाणी ओतावे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत पाहावे. महत्त्वाची गोष्ट ही की पाणी खालून वर ओतत जावे. आधी चाकाजवळ दहा मिनिटे. आत कोरडे असेल तर हूडाच्या खालच्या कडेवर दहा मिनिटे. मग शिवणींवर आणि शेवटी टपावर. सुरुवातीलाच वरून बादली ओतली, तर सगळीकडून पाणी वाहते आणि काहीच कळत नाही.

आम्हाला दोन जागा सापडल्या. पहिली, हूडाची खालची कड. ती डिक्कीच्या पत्र्याच्या बाहेर असायला हवी. कधीतरी हूड काढून लावताना ती आत खोचली गेली होती. कौलारू घरात वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी बाहेर जाते. उलटे लावले तर घरात येईल. ऑटोच्या हूडाचे तेच. कड बाहेर काढून ताणून बांधली, एवढ्यानेच अर्धे काम झाले. ह्याला एक पैसाही लागला नाही.

दुसरी जागा मागच्या पारदर्शक खिडकीची शिवण. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होते. गंमत अशी की थेंब तिथे पडत नव्हता. तो हूडाच्या आतल्या पाइपावरून घसरत हातभर लांब, कोपऱ्यात पडत होता. आम्ही पहिल्या रविवारी एम-सील लावले ते त्या कोपऱ्यात! पाणी जिथे पडते तिथून आत येतेच असे नाही, हा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो.

दुरुस्ती

जिथे दोरा सुटला होता, तिथे चौकात चपला शिवणाऱ्या काकांनी मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले. मग आतल्या बाजूने शिवणीवर रेक्झिनची दोन बोटे रुंद पट्टी चिकटवली. पट्टी चिकटवताना चार गोष्टी पाळाव्यात.

१) जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. ओल्यावर काहीही चिकटत नाही.

२) दोन्ही बाजू पॉलिश पेपरने हलक्या घासाव्यात. पट्टीचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी सुटतो.

३) रबर सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बोटाला तार सुटेनाशी झाली की पट्टी बसवून दाबावी. आम्ही वहिनींचे जुने लाटणे वापरले. ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले नाही, हे सांगायला नको.

४) ह्या सोल्यूशनची वाफ पेट घेते. काम उघड्यावर करावे. जवळपास बिडी, स्टोव्ह काही नको. ऑटोत गॅसची टाकी आणि नळ्या असतात, म्हणून पत्र्याला नवी भोके पाडण्याचा उद्योगही करू नये.

गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासून, पुसून त्यावर रेड ऑक्साइड आणि वरून रंग दिला. गंजावरच रंग फासला तर तो आतून पत्रा खातच राहतो. दोन दिवस वाळू दिल्यावर पुन्हा मगाने पाणी ओतून पाहिले. कागद कोरडे राहिले. सगळा खर्च नव्या हूडापुढे किरकोळ होता.

मोटारीची डिक्की

आता आपल्यातही काही घरी जुनी मोटार आली आहे. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी डिक्कीत कपडे भरून आठवडी बाजार करतो. मोटारीच्या डिक्कीत पाणी येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत : झाकणाभोवतीचे रबर, मागच्या दिव्यांमागचे रबर, पत्र्याचे सांधे आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली बुचे.

रबर पाहण्याची सोपी युक्ती आहे. कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर तिथे रबर दाबत नाही. अशी पूर्ण फेरी मारावी. रबर नुसते मळले असेल, तर साबणाच्या पाण्याने पुसून थोडे ग्लिसरीन लावावे. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगते. डिक्कीचे रबर फाटलेले असेल तर वेळेवर बदलावे, कारण त्यातून नुसते पाणी येत नाही, धुराड्याचा विषारी धूरही आत येऊ शकतो.

सांधे बुजवताना एक सावधगिरी घ्यावी. काच-अॅल्युमिनियमच्या दुकानात मिळणाऱ्या काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते उघड्या पत्र्याला गंज आणते. मोटारीच्या सांध्यांसाठी मिळणारे सीलरच मागावे.

छप्पर काढता येणाऱ्या मोटारी आपल्या वाट्याला कमीच. पण आपले कुणी अशा गाडीवर ड्रायव्हर असेल, तर त्याला हे कामाचे आहे. आपल्या नाशिकला तयार होणारी थार २०२० साली नव्या रूपात आली, तेव्हा तीत कापडी छपराचाही प्रकार होता. मोटारीचे कापडी छप्पर आणि ऑटोचे हूड यांचे दुखणे सारखेच : शिवण, कड आणि तुंबलेली वाट. छप्पर दुमडून मागे ठेवायच्या मोटारीत हूडाच्या बुडाशी पन्हळ असते आणि तिचे पाणी नळीने मागच्या चाकाकडे सोडलेले असते. तिथे कडुलिंबाची पाने अडकली की पाणी डिक्कीत उतरते. ती नळी टणक तारेने कोचू नये, आतून निसटते. मऊ नायलॉनची दोरी घालून मोकळी करावी, पेलाभर पाणी सोडावे आणि ते चाकाजवळ खाली पडते का ते पाहावे. ओले हूड दुमडून ठेवू नये, बुरशी धरते.

ऑटोही असा हूडवाला वाहनच आहे. मागे इंजिन असलेला ऑटो बजाजने १९७७ साली आणला. सीटमागची ती जागा तेव्हापासून किती घरांचे सामान वाहते आहे! आपण तिला कधी मोटारीच्या डिक्कीइतका मान दिला नाही, एवढेच.

मुलांना डिक्कीत पाठवू नका

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पाणी कुठून येते ते पाहायला कुणीतरी डिक्कीत शिरावे आणि झाकण लावावे, असे काही जण सुचवतात. लहान मूल मावते म्हणून त्यालाच आत बसवण्याचा मोह होतो. हे मुळीच करू नये. जून २०२३ मध्ये आपल्या नागपुरातच, टेका नाका भागात, खेळता खेळता बंद मोटारीत अडकलेल्या तीन चिमुकल्यांचा जीव गेला. त्याऐवजी रात्री अंधारात पेटता टॉर्च डिक्कीत ठेवून झाकण बंद करावे आणि बाहेरून पाहावे. जिथून उजेड बाहेर येतो, तिथून पाणीही आत जाऊ शकते. उभ्या गाडीला, मग ती भंगारातली का असेना, कुलूप लावलेले असावे.

दुसरी काळजी डेंग्यूची. स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा चटईखाली साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. घरात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळतो, तेव्हा गाडीची डिक्कीही त्यात धरावी. पाणी काढून टाकले की पत्राही वाचतो आणि पोरेही वाचतात.

घरच्या दुरुस्तीला मर्यादाही आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी स्वतः सुरू करून पाहू नये. ती मेकॅनिककडेच न्यावी.

यंदा वह्या आणायच्या आदल्या दिवशी मेव्हण्यांनी आपणहून चटई उचलली, भुसा झाडला आणि मगाने पाणी ओतून दाखवले. "पाहा भाऊ, थेंब नाही येऊन राहिला." तरीही आम्ही गठ्ठ्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेच. इतवारीपासून घरापर्यंत पाऊस होता. डिक्की उघडली तेव्हा नव्या कागदाचा वास आला.

गेल्या वर्षीची ती पोरगी आता सहावीत गेली आहे. यादीत तिचे नाव आम्ही सगळ्यांत वर लिहिले होते.