टायरॉड घरी बदलला? मग आधी चाके मोजा!



बैलगाडीचे चाक वाकडे धावू लागले की बैल लगेच सांगतात; एका अंगाला ओढतात, लवकर दमतात. ट्रॅक्टरला तोंड नाही. त्याचे गाऱ्हाणे टायरवर उमटते, आणि ते आपल्याला दिसेपर्यंत निम्मे रबर झिजलेले असते.

आपल्या हिमायतनगर भागातल्या काळ्या रानात ढेकळांचे हिसके बसून टायरॉडचे बॉल जॉइंट ढिले होतात. ते बदलण्याचे काम आता पुष्कळ घरी मुलेच करतात. चांगली गोष्ट आहे. पण नवे टोक जुन्याइतकेच आत गेले नाही, तर चाकांची दिशा बिघडते. म्हणून खोलण्यापूर्वी खडूने खूण करा आणि काढताना फेरे मोजा.

पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असतात. याला 'टो-इन' म्हणतात. हा फरक काही मिलिमीटरचाच असतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा.

तपासणी अशी करा. सपाट जागा घ्या. दोन्ही टायरांत हवा सारखी आणि स्टेअरिंग सरळ ठेवा. चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, समोरून, दोन्ही टायरांच्या मधोमध खुणा करून अंतर मोजा. टेपचे दुसरे टोक घरातल्या कोणीही धरावे. मग ट्रॅक्टर पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवा. खुणा मागे त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. समोरचे अंतर मागच्यापेक्षा पुस्तिकेत दिले असेल तेवढेच कमी हवे. नसेल तर लॉकनट ढिले करून टायरॉड फिरवा. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवा. नट आवळून पुन्हा मोजा.

दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजत असेल तर टो-इन जास्त झाले, आतली झिजत असेल तर चाके फाकली, असे बहुधा समजावे.

घरी जीप किंवा मोटार असेल, तर टेपने फक्त एवढेच कळते. चाकाचा उभा कल कळत नाही. शॉकअप किंवा खालचा आर्म बदलल्यावर ती मशीनवर तपासून घ्यावी.

शेवटी जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. मागच्या चाकांना दगड आणि आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा. बॉल जॉइंटच्या नटाला स्प्लिट पिन नवीच घाला, तारेचा तुकडा नको. तार तुटली, नट निघाला, की भर रस्त्यात स्टेअरिंग हातात असूनही चाक आपले ऐकत नाही. पिनेला पैसे थोडे लागतात. घरी वाट पाहणारी माणसे मोलाची असतात.