मोटारगाडीचे वळणावरील आवाज

मोटारगाडी सरळ रस्त्यावर शांतपणे चालत असून केवळ वळताना टकटक, घरघर, किरकिर किंवा ‘धप्प’ असा आवाज होऊ लागल्यास तो सामान्यतः सुकाणू यंत्रणा, निलंबन यंत्रणा, चाकांचे धारवे अथवा चाकांना शक्ती पोहोचविणारे सांधे यांपैकी एखाद्या भागातील झिजेचा निदर्शक असतो. आवाज कोणत्या परिस्थितीत होतो, हे नीट पाहिल्यास सदोष भाग बहुधा सुटे भाग न उघडताच ओळखता येतो.

कारण : वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांतील अंतर १·३ मी. असलेली गाडी ५ मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरली, तर एका फेऱ्यात बाहेरील चाक आतील चाकापेक्षा सु. ८ मी. अधिक धावते. त्यामुळे पुढील दोन चाके वेगवेगळ्या कोनांतून वळवावी लागतात. अशी जुळणी गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी योजिली व रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे एकस्व घेतले. शक्ती मिळणाऱ्या चाकांच्या वेगांतील फरक डिफरन्शियल या दंतचक्रयंत्रणेने साधला जातो. याखेरीज वळताना गाडीचा भार बाहेरील बाजूस झुकतो. सरळ मार्गावर विसावलेले भाग असे एकाच वेळी फिरतात व दाबले जातात आणि त्यांतील ढिलाई ऐकू येते.

स्थानिक परिस्थिती : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा ठाणे जिल्ह्यातील सलग नागरी पट्टा कल्याण-बदलापूर रस्त्याने जोडलेला आहे. येथील वाहनांना स्थानक परिसरातील अरुंद गल्ल्यांत वरचेवर पूर्ण सुकाणू वळवावे लागते. त्यात गतिरोधक, खड्डे व कोकणातील जोरदार पाऊस यांची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी व पुन्हा जुलै २०१९ मध्ये पुराचे पाणी या पट्ट्यातील वस्त्यांत शिरले होते. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या धारव्यांतील वंगण दूषित होऊन गंज चढतो आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते.

मुंबई परिसरात दीर्घकाळ रूढ असलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत शक्ती मागील चाकांना मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० आणि १९९० नंतरच्या दशकात कल्याण येथे बनलेली प्यूजो ३०९ या गाड्यांत ती पुढील चाकांना मिळे. पुढील चाकांना वळणे व गाडी ओढणे अशी दोन्ही कामे करावी लागल्याने त्यांच्या दंडांना समवेगी सांधे, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘सी. व्ही. जॉइंट’, आवश्यक ठरले. आजच्या बहुतेक लहान गाड्या याच प्रकारच्या आहेत.

निदान : (१) गाडी उभी असताना सुकाणू फिरविल्यावर आवाज झाल्यास दोष सुकाणूत किंवा निलंबनाच्या वरच्या आधारात असतो. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘धप्प’ आवाज त्या आधारातील धारवा झिजल्याचे सुचवितो. द्रवचलित सुकाणूची कण्हल्यासारखी किरकिर बहुधा द्रव कमी झाल्याने होते. विद्युत् सुकाणूत असा द्रव नसतो. (२) मोकळ्या जागी सुकाणू पूर्ण वळवून गाडी सावकाश चालविताना लयबद्ध टकटक झाली व वेगाबरोबर तिची गती वाढली, तर बाहेरील समवेगी सांधा झिजलेला असतो. दोन्ही दिशांना वळवून परीक्षा करावी. (३) वेगात असताना लांब वळणावर घरघर वाढल्यास चाकाचा धारवा संशयित ठरतो. डावीकडे वळताना ती वाढली, तर भार उजव्या चाकावर येत असल्याने प्रथम ते चाक तपासावे. (४) मागील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत केवळ वळणावर मागून खरखर आल्यास डिफरन्शियलमधील लहान दंतचक्रे तपासावीत. सरळ मार्गावर ती जवळजवळ स्थिर असतात. (५) गुळगुळीत फरशीवर टायरांचा होणारा चीत्कार निरुपद्रवी असतो. टायर आतील आवरणास घासत असल्यास मात्र त्यावर घर्षणाच्या खुणा दिसतात.

यानंतर गाडी जॅकने उचलून भक्कम टेकूवर ठेवावी आणि चाक हाताने हलवून पाहावे. आडव्या दिशेत ढिलाई आढळल्यास सुकाणूदंडाचे टोक, उभ्या दिशेत आढळल्यास गोलक सांधा (बॉल जॉइंट) आणि दोन्ही दिशांत आढळल्यास धारवा सदोष असण्याचा संभव अधिक असतो.

दुरुस्ती : समवेगी सांध्याचे रबरी आवरण फाटले की वंगण बाहेर फेकले जाते व चिखल आत शिरतो. आवाज सुरू होण्यापूर्वी हे लक्षात आल्यास सांधा धुऊन, योग्य वंगण भरून नवे आवरण बसविणे पुरते. टकटक सुरू झाल्यावर आतील खाचा झिजलेल्या असतात व सांधाच बदलावा लागतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ही आवरणे पाहणे हिताचे असते. झिजलेला धारवा वंगणाने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. सुकाणूदंडाचे टोक बदलल्यावर चाकांची संरेखा पुन्हा जुळवून घ्यावी. अन्यथा टायर एका बाजूने झिजतात. द्रव कमी झाल्यास केवळ भर न घालता गळती शोधावी.

महत्त्व : सर्व आवाज सारखे धोक्याचे नसतात. टकटकणारा समवेगी सांधा काही काळ तग धरतो, तथापि तो तुटल्यास चाकाला शक्ती मिळेनाशी होते. गोलक सांधा किंवा सुकाणूदंडाचे टोक निखळल्यास मात्र चाकावरील ताबाच सुटतो. म्हणून त्यांत ढिलाई आढळलेली गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये. प्रवासी व मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्र वेळोवेळी नूतन करून घ्यावे लागते. खाजगी मोटारगाडीची नोंदणी मात्र १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. या दीर्घ काळात तिच्या यांत्रिक अवस्थेकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः मालकावरच पडते आणि वळणावरील आवाज ही त्याला मिळणारी बहुधा पहिली सूचना असते.