शून्य मिळालं? शाब्बास!

परीक्षेत शून्य मिळालं की घरी बोलणी बसतात. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात मात्र शून्यासारखा निकाल नाही. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना आपल्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी एक आकडा मागे ठेवून जातो. ० म्हणजे काम फत्ते. १ ते २५५ म्हणजे काहीतरी बिनसलं.

असा उलटा हिशेब सोयीचा आहे. काम नीट होण्याची तऱ्हा एकच, बिघडण्याच्या अनेक. फाइलींतून शब्द शोधणारा 'ग्रेप' घ्या. शब्द सापडला तर तो ० देतो, नाही सापडला तर १ आणि फाइलच उघडली नाही तर २. आज्ञेचं नावच चुकलं, तर आज्ञा चालवणारं बॅश शेल १२७ नोंदवतं.

या आकड्याला जागा मिळते ती आठ बिटांची. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने चुकांची संख्याच निकाल म्हणून कळवली आणि चुका नेमक्या २५६ निघाल्या, तर पुढे पोहोचतो ०!

जाण्याआधी आवराआवरही असते. फाइलीत लिहायचा मजकूर बरेचदा आधी मेमरीत साठतो; सी भाषेतलं 'एक्झिट' तो फाइलीकडे पाठवतं आणि फाइली बंद करतं. बाहेरून येणारा 'सिगटर्म' हा १५ क्रमांकाचा संकेत प्रोग्रॅमला या आवराआवरीची संधी देतो. ९ क्रमांकाचा 'सिगकिल' जागच्या जागी संपवतो. प्रोग्रॅम संकेतामुळे संपला, तर बॅश १२८ मध्ये संकेताचा क्रमांक मिळवतं: १४३ किंवा १३७. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखाद्या प्रोग्रॅमला सिगकिल देतं. म्हणूनच लॉगमध्ये १३७ दिसला, की सर्व्हर सांभाळणारे बहुधा आधी मेमरी संपली होती का ते पाहतात.