वीज जाते, भिंग लक्षात ठेवतं

एटापल्लीच्या रानात मे महिना तेंदूपत्त्याचा. भल्या पहाटे घरंच्या घरं पानं तोडायला निघतात आणि दुपार कलली की आभाळ भरून येतं. पुढे रोवणीत माणूस दिवसभर उघड्या बांधीत वाकलेला. वीज कोसळते ती याच दिवसांत. त्यात रानडुकरांसाठी चोरून प्रवाह सोडलेल्या तारांची भर. त्यांना चिकटून वाघही मेले आहेत, माणसंही.

जो वाचतो, त्याच्या भाजलेल्या जखमा सगळ्यांना दिसतात. हृदयाचे ठोके, मूत्रपिंडं डॉक्टर तपासतात. पण एक इजा त्या दिवशी दिसतच नाही. जखमा भरतात, माणूस कामाला लागतो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, डोळ्यांपुढे धुकं दाटू लागतं. वय पंचविशीचं आणि निदान मोतीबिंदू!

चार्ल्स द सेंत-ईव्ह या फ्रेंच नेत्रवैद्याने वीज पडल्यानंतरच्या अशा मोतीबिंदूची नोंद १७२२ मध्ये केली होती. तारांतून घरोघरी वीज पोहोचली, त्याच्या कितीतरी आधी.

धक्का क्षणाचा, मग अंधारायला महिने का लागावेत? उत्तर डोळ्यातल्या भिंगाच्या घडणीत आहे. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. त्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा. तरी ती इतकी नेटकी बसलेली असतात की प्रकाश आरपार जातो. भिंगातल्या पेशी तर वाढता वाढता स्वतःचं केंद्रकही मोडून टाकतात, कारण प्रकाशाच्या वाटेत तेवढाही अडथळा चालत नाही. नव्या पेशी बाहेरून चढत जातात, जुन्या आतच राहतात, आलापल्लीच्या सागाच्या खोडातल्या वलयांसारख्या. सत्तरीच्या आजीच्या भिंगाचा गाभा ती आईच्या पोटात असताना घडलेला असतो.

या पारदर्शकतेची किंमत म्हणजे दुरुस्तीची सोय नाही. भिंगाच्या पुढच्या आवरणाखाली जिवंत पेशींचा एकच पातळ थर असतो. आतल्या क्षार-पाण्याचा तोल तो राखतो. प्रवाहाने तो दुखावला की तोल हळूहळू ढळतो, प्रथिनं गोठून गुठळ्या होतात. डॉक्टरांच्या स्लिट लॅम्पखाली आधी बारीक बुडबुडे दिसतात, पुढे पांढरे चट्टे, कधी चांदणीच्या आकाराचे. विजेचा दाब जितका जास्त आणि धक्का डोक्याच्या जितका जवळ, तितका धोका अधिक. बहुधा त्या बाजूचा डोळा आधी धुरकटतो, पण दोन्ही डोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो.

दिलासा असा की हा मोतीबिंदूही नेहमीच्या शस्त्रक्रियेने निघतो आणि कृत्रिम भिंग बसतं. नजर किती परतेल, हे मात्र मागच्या पडद्यावर आणि डोळ्याच्या नसेवर ठरतं; विजेने त्यांनाही इजा झालेली असू शकते.

म्हणून धक्क्यातून सावरलेल्याने डोळे लगेच तपासून घ्यावेत आणि नजर ठीक वाटली तरी पुढची वर्षा-दोन वर्षं अधूनमधून दाखवत राहावेत. तपासताना जुना धक्का आठवणीने सांगावा. तरुण डोळ्यातल्या मोतीबिंदूचं कारण डॉक्टरांना त्या एका वाक्यातून कळू शकतं.