शेवाळातलं तेल आणि विजेचे ठोके

१९६७ साली ब्रिटनमधल्या युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत सेल आणि हॅमिल्टन यांनी जिवाणूंना तीव्र विद्युतक्षेत्राचे क्षणिक ठोके दिले. जिवाणू मेले, पण उष्णतेनं नव्हे. त्यांचं पेशीपटल निकामी झालं होतं. इंधनाशी या प्रयोगाचा तेव्हा काहीही संबंध नव्हता.

तेलटंचाईनं हादरलेल्या अमेरिकेनं १९७८ मध्ये शेवाळापासून इंधन मिळवण्याचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. सुमारे ३००० वाण गोळा झाले, न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला तळी बांधली गेली आणि १९९६ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. उत्पादन उत्तम धरलं तरी हे डिझेल खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडेल, असं १९९८ च्या अहवालात नोंदवलं आहे.

२००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरला भिडलं आणि शेवाळाकडे पुन्हा पैसा वळला. विजेच्या ठोक्यांची आठवणही याच सुमारास झाली. पेशी फोडली की तेल वर तरंगेल, अशी भाबडी आशा होती.

जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी ही आशा नीट तपासून पाहिली. ठोक्यांनंतर विद्राव्य प्रथिनं बाहेर आली, तेलाचे थेंब मात्र पेशीतच राहिले. तरीही प्रयोग वाया गेला नाही. पटलाला भोकं पडल्यामुळे इथेनॉल-हेक्सेनसारखं द्रावक ओल्या शेवाळातही शिरू लागलं आणि वाळवण्याचा प्रचंड खर्च टळण्याची वाट दिसली.

खरी अडचण पाण्याची. ठोके फक्त पेशींना देता येत नाहीत, भोवतालच्या पाण्यालाही द्यावे लागतात. लिटरमागे १५० किलोज्यूल ऊर्जा धरू. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम शेवाळ असेल तर ग्रॅमला दीड किलोज्यूल पडतो. तळ्यातल्यासारखं एकच ग्रॅम असेल तर १५०. आणि ते ग्रॅमभर शेवाळ जाळलं तरी जेमतेम वीस-पंचवीस किलोज्यूल मिळतात! म्हणून आधी शेवाळ घट्ट करणं भागच आहे. या साध्या गणिताला त्या काळातल्या उत्साहानं पुरेसा मान दिला नाही, असं मला वाटतं.

२०१४ नंतर तेल स्वस्त झालं, कंपन्या पांगल्या. २०२३ मध्ये एक्सॉनमोबिलनंही अंग काढून घेतलं. कार्ल्सरूहचं काम मात्र त्या पडत्या काळातही चालूच राहिलं. ठोके दिलेलं शेवाळ काही तास तसंच मुरू दिलं तर बऱ्याच कमी ऊर्जेत तितकंच तेल निघतं, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. या सगळ्या वर्षांतलं सर्वांत मोलाचं निरीक्षण मी यालाच म्हणेन.