बेभरवशाच्या भिडूची पारख

पोकेमॉन शोडाउन: नेम, नशीब आणि नोंद

२०११ पासून चालणाऱ्या पोकेमॉन शोडाउन या मोफत सिम्युलेटरवर संघ सहा भिडूंचा, म्हणजे सहा पोकेमॉनचा. त्यातल्या बेभरवशाच्या भिडूची पारख नुसत्या जय-पराजयावरून होत नाही. निव्वळ नाणेफेकीतही १० पैकी ७ किंवा अधिक कौल आपल्या बाजूने पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के; १०० सामन्यांनंतरही बरोबरीच्या खेळाडूच्या विजयांचा आकडा सहज ४० ते ६० मध्ये हेलकावतो. मग सामने खेळून भिडूची चाचणी कशाला? हरण्याचे कारण कळावे म्हणून. उदाहरणार्थ, गेंगार या पोकेमॉनच्या फोकस ब्लास्ट या हल्ल्याचा नेम ७० टक्के. समोरच्या टायरानिटार या पोकेमॉनला तो चौपट लागतो खरा, पण लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता ४९ टक्केच. शिवाय प्रत्येक घाव ८५ ते १०० टक्क्यांच्या १६ पायऱ्यांपैकी एकीवर पडतो. पोकेमॉन खेळांच्या सातव्या पिढीपासून क्रिटिकल हिट, म्हणजे जादा जोराचा घाव, साधारण २४ मध्ये एकदा. हे सारे डॅमेज कॅल्क्युलेटर आणि कागद-पेन्सिल आधीच सांगतात. त्यांना न सांगता येणारी गोष्ट सामन्याच्या रिप्लेत दिसते: नेम चुकून हरलेला सामना निराळा, भिडूला सुरक्षित उतरायची संधीच न मिळालेला निराळा. दुसऱ्या प्रकारचे सामने साचू लागले, की भिडू बदलावा.