तयार संगणकातील प्रोसेसर-बदल आणि व्हिडिओ एन्कोडिंग

तयार संगणकातील प्रोसेसर-बदल म्हणजे कंपनीने जोडून विकलेल्या संगणकातील मूळ प्रोसेसर काढून त्याच्या जागी अधिक क्षमतेचा प्रोसेसर बसविणे होय. व्हिडिओ एन्कोडिंगला लागणारा वेळ कमी करणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू असतो. हा बदल कितपत लाभदायक ठरेल, हे केवळ नव्या प्रोसेसरच्या वेगावर ठरत नाही. जुन्या संगणकातील सॉकेट, बायॉस, वीजपुरवठा आणि शीतन या चार गोष्टी त्याची मर्यादा ठरवितात. नागपूरच्या आग्नेयेस असलेल्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराई आणि कडक उन्हाळा एकाच वेळी येतात. अशा ठिकाणी यांतील चौथी गोष्ट अनेकदा निर्णायक ठरते.

एन्कोडिंगचे स्वरूप

१९२० × १०८० आकाराच्या एका चौकटीत २० लाख ७३ हजार ६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटची होते. दर सेकंदाला २५ चौकटी या वेगाने एका तासाच्या असंकुचित चित्रणाला सुमारे ५६० गिगाबाइट जागा लागेल. तेच चित्रण दर सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एन्कोड केल्यास सुमारे ३.६ गिगाबाइटमध्ये मावते. सुमारे दीडशे पटींचे हे संकोचन घडवून आणणे हे एन्कोडरचे काम होय.

हे काम मुख्यतः दोन मार्गांनी साधले जाते. लागोपाठच्या चौकटींमध्ये बराचसा भाग सारखाच असतो. मंडप, भिंत, पडदा हलत नाहीत. हलतात ती माणसे. म्हणून एन्कोडर चौकटीचे लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीत कोठे सापडतो याचा शोध घेतो आणि केवळ उरलेला फरक नोंदवितो. हा शोध अत्यंत खर्चिक असून एन्कोडिंगचा बराच वेळ त्यातच जातो. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या फरकाचे गणिती रूपांतर करून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. या रूपांतराचा पाया असलेली ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही पद्धत भारतीय वंशाचे अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली.

नव्या मानकांबरोबर हे काम वाढत गेले. २००३ च्या एच.२६४ मानकात तुकड्याचा मूळ आकार १६ × १६ बिंदूंचा आहे. २०१३ च्या एच.२६५ मध्ये तो ६४ × ६४ पर्यंत, तर २०१८ च्या एव्ही१ मध्ये १२८ × १२८ पर्यंत जातो. मोठा तुकडा कोठे आणि कसा विभागायचा याचे पर्याय वाढल्यामुळे फाइल लहान होते, परंतु प्रोसेसरचे श्रम अनेक पटींनी वाढतात. एच.२६४ पुरेशा वेगाने हाताळणारा संगणक एच.२६५ पुढे मंदावतो, त्याचे कारण हेच होय.

कोअरची संख्या आणि वेग

एक्स२६४ आणि एक्स२६५ यांसारखे एन्कोडर काम अनेक कोअरमध्ये वाटून देतात. म्हणून एन्कोडिंगसाठी केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहणे पुरेसे नसते. कोअरची संख्या आणि प्रत्येक कोअरची कार्यक्षमता दोन्ही पाहावी लागतात. एव्हीएक्स२ हा आज्ञासंचही महत्त्वाचा आहे. इंटेलने तो २०१३ मध्ये हॅसवेल पिढीत आणला. त्यामुळे एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर क्रिया करता येते आणि तुकड्यांच्या तुलनेचे काम लवकर उरकते.

अनेक प्रोसेसरांनी एकच काम वाटून घेण्याचे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुणे येथील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये पूर्ण केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभारलेला होता. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातील असून त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण नागपुरात झाले.

मात्र कोअर दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कामाचा जो भाग वाटता येत नाही तो एकूण वेगवाढीला मर्यादा घालतो. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येत असेल, तर ४ कोअरवर ते सुमारे ३.१ पट आणि ८ कोअरवर सुमारे ४.७ पट वेगाने होते. म्हणजे ४ चे ८ कोअर केल्यावर प्रत्यक्ष वाढ सुमारे दीडपटच होते. त्याचप्रमाणे ६ कोअर आणि १२ थ्रेड असलेला प्रोसेसर १२ कोअरच्या प्रोसेसरइतके काम करीत नाही. दुसरा थ्रेड त्याच कोअरचा रिकामा राहणारा वेळ वापरतो; तो नवा कोअर नव्हे.

सॉकेट आणि बायॉस

प्रोसेसर मदरबोर्डवरील ज्या साच्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेटचे नाव जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटमध्ये बसतात. आठव्या व नवव्या पिढीचे प्रोसेसरही त्याच नावाच्या सॉकेटमध्ये बसतात; परंतु त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट लागतो आणि जुन्या बोर्डवर ते अधिकृतपणे चालत नाहीत. एलजीए १२०० मध्येही असाच भेद आहे. एच४१० आणि बी४६० चिपसेटचे बोर्ड दहाव्या पिढीसाठी आहेत, अकराव्या पिढीला त्यांचा अधिकृत आधार नाही. एएमडीचे एएम४ सॉकेट मात्र अनेक वर्षे टिकले. रायझेनच्या २०१७ मधील पहिल्या पिढीपासून ५००० मालिकेपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर त्यात बसतात.

बोर्डवरील बायॉस या मूलभूत आज्ञावलीला नव्या प्रोसेसरची ओळख असावी लागते. सुटा मदरबोर्ड विकणारी कंपनी बहुधा बायॉसच्या नव्या आवृत्त्या दीर्घकाळ देत राहते. तयार संगणक विकणारी कंपनी मात्र त्या प्रारूपाबरोबर जे प्रोसेसर विकले, त्यांच्यापुरताच आधार ठेवू शकते. म्हणून त्याच प्रारूपाच्या वरच्या श्रेणीत कोणता प्रोसेसर दिला जात होता, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. तो प्रोसेसर त्या बोर्डवर चालतो, हे कंपनीनेच सिद्ध केलेले असते.

वापरलेला प्रोसेसर घेताना आणखी एक दक्षता आवश्यक असते. एएमडीच्या ‘प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट’ या व्यवस्थेमुळे काही व्यावसायिक संगणकांतील प्रोसेसर त्या उत्पादकाच्या बोर्डांशी कायमचा बांधला जातो. असा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर सुरू होत नाही.

वीजपुरवठा

तयार संगणकांत मूळ भागांपुरताच वीजपुरवठा संच असतो, आणि काही प्रारूपांत त्याची जोडणी त्या कंपनीच्या विशिष्ट घडणीची असल्यामुळे बाजारातील सर्वसाधारण संच तेथे बसत नाही. प्रोसेसरवर लिहिलेला ६५ वॅटचा आकडाही जपून वाचावा लागतो. तो मूळ वेगाशी निगडित असतो. वाढीव वेगाने चालताना इंटेल कोअर आय७-८७०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर १०० वॅटहून अधिक वीज घेऊ शकतो. एन्कोडिंगमध्ये सर्व कोअर एकाच वेळी राबत असल्याने ही मागणी क्षणभरापुरती न राहता तासन्‌तास टिकते. यूपीएसची क्षमताही त्याच हिशेबाने तपासावी लागते. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो, आणि तोही काही मिनिटे.

वीज मध्येच गेल्यास होणारे नुकसान फाइलच्या प्रकारावर अवलंबून असते. एमपी४ फाइलची अंतर्गत अनुक्रमणिका सहसा सर्वांत शेवटी लिहिली जाते. त्यामुळे ९० टक्के काम झालेले असले, तरी अपुरी राहिलेली फाइल उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात तयार झालेला भाग बहुधा पाहता येतो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी आधी एमकेव्हीमध्ये एन्कोडिंग करून नंतर ती फाइल एमपी४ मध्ये बदलणे सोयीचे ठरते. या बदलात पुन्हा एन्कोडिंग करावे लागत नसल्याने तो थोड्या वेळात होतो.

उष्णता आणि विदर्भातील उन्हाळा

प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान आणि त्यावर कामामुळे झालेली वाढ यांची बेरीज होय. एखाद्या पंख्याखाली पूर्ण भारात प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी तापतो असे मानू. डिसेंबरमध्ये खोली २५ अंशांवर असताना तो ८० अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९७ अंशांपर्यंत पोहोचेल. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरवितो.

नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. याच काळात लग्नांचे मुहूर्त असतात आणि छायाचित्रकारांकडे चित्रणांचा साठा होतो. कुही, मांढळ यांसारख्या गावांतील छोट्या स्टुडिओचा संगणक वर्षातील सर्वांत जास्त काम वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांत करतो. अशा वेळी मूळचा लहान पंखा तसाच ठेवून केवळ मोठा प्रोसेसर बसविल्यास खर्च केलेल्या वेगाचा काही भाग नेमका गरजेच्या दिवसांत हरवतो. म्हणून प्रोसेसरबरोबर अधिक क्षमतेचा कूलर, कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवणारा पंखा आणि धुळीची नियमित सफाई यांचाही हिशेब धरावा लागतो. रात्री किंवा पहाटे एन्कोडिंग लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेणे मात्र टाळावे, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार येऊ शकतात.

बदलापूर्वीचे मोजमाप

एन्कोडिंग चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर सतत १०० टक्क्यांच्या जवळ असेल, तर अडचण प्रोसेसरची आहे असे मानता येते. वापर ५० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अडथळा मंद हार्ड डिस्क, अपुरी रॅम किंवा एकाच कोअरवर चालणारा एखादा संपादन-परिणाम यांत असू शकतो. अशा वेळी नवा प्रोसेसर घेऊन फारसे साधत नाही.

लाभाचा अंदाज साध्या अंकगणिताने करता येतो. ३ तासांच्या चित्रणात २५ च्या दराने २ लाख ७० हजार चौकटी असतात. सेकंदाला २० चौकटी एन्कोड होत असल्यास ३ तास ४५ मिनिटे लागतात. ३० होऊ लागल्यास अडीच तास. वाचलेला सव्वा तास हंगामात किती वेळा उपयोगी पडेल, यावरून खर्चाची योग्यता ठरते.

प्रोसेसर न बदलताही वेग वाढविण्याचा एक मार्ग आहे. इंटेलने २०११ मध्ये आणलेली क्विक सिंक आणि एनव्हिडियाने २०१२ मध्ये आणलेली एनव्हेंक या व्यवस्था एन्कोडिंगसाठी चिपमध्येच स्वतंत्र मंडल पुरवितात. त्यांचा वेग मोठा आणि उष्णता कमी असते. मात्र तितक्याच दर्जासाठी, विशेषतः जुन्या पिढ्यांत, फाइल बहुधा मोठी होते. ग्राहकाला तातडीने द्यावयाच्या प्रतीसाठी हा मार्ग सोयीचा आहे. जतनाच्या प्रतीसाठी सावकाश चालणारा एन्कोडर श्रेयस्कर मानला जातो. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स वापरता येत नाही, म्हणून तेथे क्विक सिंकही मिळत नाही.

बदलाची पद्धत

सर्वप्रथम मूळ चित्रणाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते. प्रोसेसर बिघडल्यास दुसरा मिळतो, विवाहाचे चित्रण पुन्हा होत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवणे आवश्यक असते, कारण प्रोसेसर बदलल्यावर संगणक ती मागू शकतो. त्यानंतर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत केले जाते.

वीज पूर्ण बंद करून कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरविली जाते. एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून वर येऊ शकतो. म्हणून संगणक आधी काही वेळ चालवून गरम करावा आणि कूलर सरळ न ओढता हलकेच फिरवून सोडवावा. एलजीए प्रकारात नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात. त्यांना बोट लागू देऊ नये. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो दाब न देता ठेवला जातो. मग मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट लावून कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडेथोडे आवळले जातात.

संगणक सुरू झाल्यावर तासभर एन्कोडिंग चालवून तापमान आणि वेग दोन्ही पाहिले जातात. वेग आरंभी चढून नंतर उतरत असेल, तर शीतन किंवा वीजमर्यादा अपुरी आहे असे समजावे. ही चाचणी हिवाळ्यात घेतली असल्यास ती उन्हाळ्यात पुन्हा घेणे उचित ठरते. काढलेला प्रोसेसर चालू स्थितीत असल्यास दुसऱ्या संगणकात उपयोगी पडतो. निकामी झालेला प्रोसेसर घरच्या कचऱ्यात न टाकता १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांपर्यंत पोहोचविणे अपेक्षित आहे.